कणा मोडला, परत वाचा

कमरेत उसण भरली म्हणून डॉक्टरांकडे गेलो होतो. नंबर ११. हातात पेपर, खेळाचं पान उघडलेलं. शेजारचे काका म्हणाले, "चष्मा विसरलो. जरा मोठ्याने वाचता का?"

"आपण ८४ धावांनी जिंकलो," मी एका वाक्यात सुटका करून घेतली.

"ते माहितीये हो! शेवटच्या चेंडूपर्यंत पाहिलाय मी सामना. छापलंय काय ते वाचा."

"पाहुण्यांचा धुव्वा."

"हां!" काका सावरून बसले.

"वेगवान माऱ्यापुढे आघाडीच्या फलंदाजांनी नांगी टाकली. मधल्या फळीचा तर कणाच मोडला..."

"सावकाश. परत."

"कणाच मोडला." माझ्या कमरेतून कळ गेली.

"पुढे शेपूट वळवळलं असेल."

वळवळलं होतं. शेवटी सगळ्यांनी गुडघेही टेकले होते. आता नांगी म्हणजे विंचू म्हणावा, तर विंचवाला कणा नसतो. असला प्राणी खेळाच्या पानाबाहेर जगत नसावा.

"आणि कप्तान?"

"भोपळाही न फोडता तंबूत परतला."

"तंबूत!" काकांनी मांडीवर थाप मारली. माझ्या. खेळाडू वातानुकूलित खोलीत बसायला लागून जमाना झाला, पण बाद झाला की त्याला तंबूतच जावं लागतं.

या भाषेचं काही सांगता येत नाही म्हणा. १८८२ मध्ये लंडनच्या ओव्हल मैदानावर इंग्लंड ऑस्ट्रेलियाकडून ७ धावांनी हरलं, तर 'स्पोर्टिंग टाइम्स'ने इंग्लिश क्रिकेटची मृत्युवार्ताच छापली: दहन होईल, राख ऑस्ट्रेलियाला नेली जाईल. कुणाच्या तरी लेखणीला खाज सुटली आणि दोन देश अजून त्या राखेसाठी, म्हणजे 'अ‍ॅशेस' मालिकेसाठी, भांडताहेत.

त्याच पानाच्या तळाशी महिलांच्या सामन्याचा निकाल होता. तीन ओळी. 'विजय मिळवला', संपलं. त्यांनी हरवलेल्यांना ना नांगी, ना शेपूट. इतके शब्द पडलेत गोदामात, दोन इकडे टाकले असते तर काय बिघडलं असतं? मी तेही वाचायला घेतलं.

"ते राहू द्या. वर चला."

गेलो वर. 'चारी मुंड्या चीत' इतक्या जोरात वाचलं की कंपाउंडरने पुकारलेला ११ नंबर मला ऐकूच आला नाही. १२ मात्र काकांना बरोबर ऐकू आला. उठले, पेपर माझ्या हातातून काढून घेतला. "उरलेलं डॉक्टरांकडून वाचून घेतो."

"अहो, माझा नंबर आधी आहे!"

"मघाशीच पुकारला," कंपाउंडर म्हणाला. "आता सगळ्यात शेवटी."

दार लोटलं गेलं. थोड्या वेळाने आतून डॉक्टरांचा आवाज आला, "मधल्या फळीचा तर कणाच..."

"सावकाश," काका म्हणाले. "परत."