काळं मांजर, सासू आणि सून

परवा रात्री जेवणं आटोपल्यावर ‘कुरोनेको’ लावला. जपानी दिग्दर्शक कानेतो शिंदोचा सिनेमा, १९६८ सालचा, कृष्णधवल. नावाचा अर्थ काळं मांजर. सासूबाईंनाही झोप येत नव्हती, म्हणून त्याही येऊन बसल्या. इंग्रजी सबटायटल्स मी जमेल तसं मराठीत सांगत होते.

भुतांचा सिनेमा म्हणून लावला खरा, पण सुरुवातीला भूत कुठेच नाही. वेळूच्या बनातून सामुराईंची, म्हणजे जुन्या जपानी योद्ध्यांची, टोळी बाहेर पडते. दमलेले, कळकट. आधी पालथे पडून पाणी पितात, गुरांसारखे. मग समोरच्या झोपडीत शिरतात. आत सासू-सून दोघीच. मुलाला लढाईसाठी केव्हाच पकडून नेलंय. ही माणसं आधी अन्नावर तुटून पडतात, मग बायकांवर. सगळं जवळजवळ मुकाट्यानेच. थोड्या वेळाने छपरातून धूर येताना दिसतो आणि टोळी आली तशीच निघून जाते. अख्ख्या सिनेमात मला खरी भीती वाटली ती इथे. आई एवढंच म्हणाल्या, “पाणी पिऊन घेतलं ना आधी, मेल्यांनी.”

पुढे त्या दोघी मांजराची भुतं होऊन परत येतात. क्योतोच्या राजोमोन वेशीपाशी रात्री पांढऱ्या वस्त्रातली तरुणी उभी असते. घोड्यावरच्या सामुराईला म्हणते, बनातून एकटीला भीती वाटते, घरापर्यंत सोडाल का? घरी सासू अदबीने साके (तांदळाची दारू) पाजते, आणि सकाळी गळा फाडलेलं प्रेत. मग दुसरा, मग तिसरा. हे तेच-ते काहींना कंटाळवाणं वाटतं. मला नाही वाटलं. दळण दळावं तशा त्या माणसं मारतात, सूडाची चवसुद्धा उरलेली नाही.

सामुराईंवरचा हा राग शिंदोने पुस्तकातून उचललेला नसावा. तो हिरोशिमाचा. दुसऱ्या महायुद्धात नौदलात भरती झाला, तेव्हा त्याच्या शंभर जणांच्या तुकडीतले सहाच वाचले. आधीच्या ‘ओनिबाबा’ सिनेमातही (१९६४) त्याने सासू-सुनेकडून सामुराईच मारवले होते. दोन्हीकडे सासूच्या भूमिकेत नोबुको ओतोवाच, जी पुढे त्याची बायको झाली.

पण माझ्या मते सिनेमा सूडाचा नाहीच, शपथेचा आहे. दोघींनी शपथ घेतलीय की दिसेल त्या सामुराईचं रक्त प्यायचं. एकूण एक. ‘आपला सोडून’ असं त्यात कुठेच नाही. आणि हरवलेला मुलगा परततो तो नेमका सामुराई होऊन. नवं नाव गिन्तोकी, नवा रुबाब, आणि सरदार रायकोचा हुकूम की वेशीवरची भुतं मार.

सून शपथ मोडते. नवऱ्याबरोबर सात रात्री काढते आणि त्याची किंमत म्हणून कायमची नरकात जाते. सासू मोडत नाही. मग एका रात्री मुलाच्या तलवारीने तिचा हात तुटतो, आणि बघावं तर ते मांजराचं केसाळ पाऊल. रायकोचा एक योद्धा राजोमोनपाशी राक्षसाचा हात तोडतो ही जपानची जुनी दंतकथा. तिथे राक्षस म्हातारीचं सोंग घेऊन हात परत न्यायला येतो. शिंदोने त्या सोंगाखाली खरीच आई ठेवली. ती हात घेऊन छप्पर फोडून निघून जाते तेव्हा हसावं की रडावं कळत नाही. मुलगा मात्र शेवटी त्याच जळक्या घरात, बर्फात.

संपल्यावर आमचं थोडं वाजलंच. मी सुनेच्या बाजूची. म्हटलं, आई, मरून भूत झाली तरी तिने माणूसपण सोडलं नाही. सासूने निदान पोटच्या पोराला तरी सोडायचं होतं.

आई चादर झटकत होत्या. म्हणाल्या, “हात नेला ते बरंच केलं. तिचाच होता ना तो.”