तक्रारीचं लाल पुस्तक

नळाला मीटर बसणार अशी बातमी आली की आमच्या पुण्यातल्या सोसायटीच्या ग्रुपवर दरवेळी तेच भांडण पेटतं. एक गट म्हणतो, मोजल्याशिवाय पाणी वाचायचं नाही. दुसरा म्हणतो, आज मीटर, उद्या भाववाढ, परवा खासगी कंपनी. मी हे वाचतो ते अझोर्समध्ये बसून. अटलांटिकमधली नऊ बेटं, पोर्तुगालचा स्वायत्त प्रदेश, आणि मीटर प्रत्येक घराला.

इथल्या बिलात पाणी, सांडपाणी आणि कचरा असे तीन भाग असतात. नळ उघडा वा बंद ठेवा, स्थिर आकार पडतोच. पुढे घनमीटरमागे दर चढत जातो. एकट्या राहणाऱ्या शेजारच्या आजींना तो स्थिर आकार टोचतो, आणि त्यांचं काही चुकत नाही.

गेल्या वर्षी माझ्या अंगणाखालची नळी फुटली. बिल तिप्पट. खिडकीवरचे गृहस्थ म्हणाले, मीटर खोटं बोलत नाही. मी तक्रारीचं लाल पुस्तक मागितलं. पोर्तुगालमध्ये ते मागितल्यावर द्यावंच लागतं. लिहिलेल्या पानाची मूळ प्रत नियामकाकडे जाते, एक आपल्या हातात राहते. गृहस्थांचा आवाज तिथेच मऊ झाला. गळलेलं पाणी गटारात गेलंच नव्हतं, त्यामुळे सांडपाणी आणि कचऱ्याचा वाढीव आकार काढून टाकला. पाण्याचे पैसे मात्र भरावे लागले. नळी माझी होती ना!

हा नियामक म्हणजे एर्सारा, २०१० साली खास या बेटांसाठी नेमलेला. १९ नगरपालिकांच्या नळांवर आणि कचऱ्यावर त्याची नजर असते. आपल्याकडे जलसंपत्ती नियमन प्राधिकरण २००५ च्या कायद्याने आलं, म्हणजे त्याच्याही आधी. पण ते बसतं धरणावर: खडकवासल्यातून शहराला किती, दौंड-इंदापूरच्या कालव्याला किती. महापालिका आणि माझा नळ यांच्यामध्ये कुणीच नाही. पाणी पुरवणारीही तीच, तक्रार ऐकणारीही तीच.

कचऱ्याचं तर विचारूच नका. कोर्व्हू बेटावर जेमतेम चारशे माणसं. तिथला उरलासुरला कचरा जहाजाने तर्सैरा बेटावरच्या, कचरा जाळायच्या भट्टीकडे जातो. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं जिथे जाऊन पडला तसं फुरसुंगी गाव बेटाला नसतं, त्यामुळे कचऱ्याचा खर्च कुणाच्या तरी गावावर ढकलता येत नाही.

म्हणून इथे सगळं आलबेल आहे असं नाही. निवडणूक जवळ आली की दर वाढवायला इथलेही नगराध्यक्ष कचरतात. पीकू बेटावर ताज्या लाव्ह्यात पाऊस मुरून जातो आणि विहिरींत समुद्राचं खारं पाणी चढतं. नियामक काही ते गोड करू शकत नाही.

परवा ग्रुपवर मी एवढंच विचारलं, मीटर चुकीचा पळाला तर दाद कुणाकडे मागायची? एकाने अंगठा टाकला. त्याखाली लगेच निरोप आला: टँकर चार वाजता, बी विंगने मोटार बंद ठेवावी.