आईंची दुर्बीण आणि अवकाळी

गुडघ्यांमुळे आमच्या आई, म्हणजे माझ्या सासूबाई, पहिल्या मजल्यावरच्या बारशालासुद्धा जात नाहीत. नांदूर मध्यमेश्वर पक्षी अभयारण्याच्या निरीक्षण मनोऱ्यावर मात्र त्या माझ्याआधी पोचलेल्या असतात. निवृत्तीनंतर त्यांच्या मैत्रिणी भजनी मंडळात गेल्या, आई पक्ष्यांत गेल्या. गाडी चालवता येणारी, सुट्टीच्या दिवशी घरात सापडणारी आणि ‘नाही’ म्हणायची सोय नसलेली व्यक्ती घरात एकच आहे. नवऱ्याला आयत्या वेळी सर्दी होते.

मार्च संपत आलेला. रात्रभर नाशिकवर विजा चमकत होत्या, मोबाइलवर वादळी पावसाचा इशारा येऊन पडला होता. मी तो पहाटे आईंना आशेने दाखवला. “ढगाळ हवेत डोळ्यांवर ऊन येत नाही, पक्षी छान दिसतात,” म्हणाल्या. मागच्या खेपेला कडक ऊन होतं तेव्हा ‘पिसांचे रंग खुलतात’ असं होतं. गारा पडल्या असत्या तरी त्यातही पक्ष्यांची काहीतरी सोय निघाली असती.

गोदावरी आणि कादवा जिथे भेटतात तिथे इंग्रजांच्या काळात बंधारा बांधला. मागे गाळ साचत गेला, पाणी उथळ झालं, बेटं तयार झाली, पाणकणीस माजलं आणि पक्षी आले. धरणात गाळ साचून कुणाचं भलं झाल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही. १९८६ साली अभयारण्य झालं, २०२० साली महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं. ही माहिती आई चांदोरी ते खानगाव थडी एवढ्या टप्प्यात दर वेळी सांगतात. मला आता सनावळीसकट पाठ आहे.

मनोऱ्यावर आमचा गाइड उभा होता. गावातलाच पोरगा, नजर अशी की नुसत्या डोळ्यांनी तुतवार पक्ष्यांच्या जाती ओळखतो. आज तो पाण्याकडे कमी आणि आभाळाकडे जास्त बघत होता. निफाड तालुका, घरचा द्राक्षबाग अजून तोडायचा राहिलेला. पिकल्या घडांवर पाऊस पडला की मणी तडकतात आणि व्यापाऱ्याचा फोन लागेनासा होतो. आई ‘थोडं ढगाळ राहू दे’ म्हणत होत्या, तो काही बोलत नव्हता. मला मध्ये उभं राहायला अवघड वाटत होतं.

पक्षी बघणं हे मुळात दुसऱ्याला दिसलेला पक्षी शोधणं असतं. आई खुणा सांगतात त्या स्वयंपाकघरातला डबा सांगावा तशा: “ती वाळकी बाभूळ आहे ना, तिच्या डावीकडे, दुसऱ्या खुंटाच्या मागे, जरा खाली.” समोर सतरा वाळक्या बाभळी. दुर्बिणीत मला माझ्याच पापण्या दिसतात. “दिसला?” “हो, हो.” “शेपटी कशी आहे?” इथे मी फसते. पाणकणसातून वटवट्या कर्कश ओरडत होता. तो तर आईंनाही दिसला नाही, पण तो यादीत गेला. ऐकू आला तरी चालतो म्हणे. मग आपण घरी बाल्कनीत बसून का नाही ऐकत, हा प्रश्न मी गिळला.

माझी आवडती जांभळी पाणकोंबडी. चांगली मोठी, जांभळी, लाल चोचीची, उघड्यावर फिरणारी. पाहुण्यांना कष्ट देत नाही. आई तिच्याकडे ढुंकून बघत नाहीत. “ती काय, ढीगभर असतात.” कपाळावर पांढरा टिळा लावलेले काळे वारकरी नावाचे पक्षीही पाण्यावर ढीगभर होते. बदकं मात्र थोडी. थापटे, तलवार बदकं बहुतेक उत्तरेला निघून गेलेली. एवढ्या लांब जाणाऱ्यांनी हवामान बघून तारीख धरली होती. आम्ही चाळीस किलोमीटर चुकीच्या दिवशी आलो होतो.

मग वारा सुटला आणि पाऊस आडवा आला. मनोऱ्याला छप्पर असतं ते उभ्या पावसासाठी. शेजारचे फोटोवाले काका एकुलता एक रेनकोट तोफेएवढ्या लेन्सला घालून स्वतः भिजत होते. तेवढ्यात कुठूनसा दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी आला आणि उरलीसुरली सगळी बदकं एकदम उडाली. “गढवाल! गढवाल!” आई बदकाचं नाव घेत छत्री सोडून ओरडल्या. छत्री गोदावरीच्या दिशेने गेली. माझी होती.

गाइडचा फोन वाजला. पाऊस नदीच्या याच अंगाला होता, त्यांच्या बागेवर थेंब नव्हता. तेव्हा कुठे तो हसला आणि म्हणाला, “मावशी, आता सांगा, काय बघायचंय?”

परतताना रस्त्यात आई एकदम “थांब, थांब, थांब!” मी करकचून ब्रेक लावला. मागचा उसाचा ट्रॅक्टर आमच्यावर येता येता थांबला. ट्रॅक्टरवाले दादा उतरून धावत आले. “काय झालं? ठोकलं का कुणाला?”

“नीलपंख!” आईंनी तारेकडे बोट केलं आणि दुर्बीण त्यांच्या हातात दिली. दादांनी ती डोळ्यांना न लावताच वर पाहिलं. “हे व्हय? माझ्या इहिरीवरच्या तारेवर जोडीच बसती रोज.”

आईंनी वही उघडली. “कुठंशी आली तुमची विहीर?”