दोघंच फुंकतात, म्हणून टिकले

स्का-पंक, म्हणजे जमैकाच्या स्काची ठेका सोडून पडणारी गिटार आणि पंक रॉकचा वेग यांची मिसळ, म्हटलं की लोक आधी हसतात. चौकड्यांचे कपडे, ट्रम्पेट घेऊन उड्या मारणारी पोरं, नव्वदच्या दशकातलं फॅड, आलं तसं गेलं, विषय संपला. हसा, त्यातले निम्मे बँड हसण्यासारखेच होते. पण लेस दॅन जेक या अमेरिकन बँडला त्याच पोत्यात भरणाऱ्यांनी त्यांचा एक लाइव्ह सेट पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत बघावा. तो धिंगाणा दिसतो तेवढा मोकाट नाही. त्याच्या मागे चोख हिशोब आहे. तीस वर्षांहून जास्त काळ हा बँड रस्त्यावर आहे तो याच हिशोबावर, असं माझं ठाम मत आहे.

आधी ओळख. १९९२, गेन्सव्हिल, फ्लोरिडा. विद्यापीठाचं गाव, म्हणजे श्रोते स्वस्तात आणि भाडंही स्वस्तात. गिटारवर ख्रिस डीमेक्स, ड्रमवर विनी फिओरेलो, थोड्याच दिवसांत बासवर रॉजर लिमा. विनीच्या घरी जेक नावाचा बुलडॉग होता आणि त्याचे लाड घरातल्या माणसांपेक्षा जास्त व्हायचे. बाकी सगळे जेकपेक्षा कमी, म्हणून हे नाव. पहिला अल्बम 'पेझकोर' १९९५ चा. १९९६ मध्ये 'लूझिंग स्ट्रीक', तोही थेट कॅपिटलसारख्या बड्या कंपनीकडून, कारण तेव्हा ब्रास (ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, सॅक्सोफोन अशी फुंकायची वाद्यं) असलेला कुठलाही बँड कंपन्या डोळे झाकून उचलत होत्या. १९९८ चा 'हॅलो रॉकव्ह्यू' हा त्यांचा सगळ्यात पक्का अल्बम. यावर वाद घालायला माझी तयारी आहे. एक गंमत: बरीच वर्षं गाण्यांचे शब्द लिहायचा ड्रमर विनी, आणि गायचे ख्रिस आणि रॉजर. लिहिणारा मागे घाम गाळतोय आणि पुढचे दोघे त्याची दुखणी हसत हसत गातायत.

(आपल्याकडे अनेकांच्या कानावर हा प्रकार पहिल्यांदा टोनी हॉकच्या स्केटबोर्डिंग गेममधून पडला. १९९९ च्या पहिल्या भागात गोल्डफिंगर आणि सुइसाइड मशीन्स या स्का-पंक बँडची गाणी होती. तिथून पुढे शोधत गेलेले लेस दॅन जेकपाशी पोचलेच.)

आता मुद्द्याचं. चार मात्रा मोजा: एक-आणि-दोन-आणि-तीन-आणि-चार-आणि. स्कामध्ये गिटार वाजते ती 'आणि'वर. स्ट्रोक खालून वर, तोही फक्त तीन-चार बारीक तारांवर. आवाज मात्र उजवा हात ठरवत नाही, डावा ठरवतो. बार कॉर्ड (एक बोट सगळ्या तारांवर आडवं ठेवून धरलेला स्वरसमूह) दाबायचा, स्ट्रोक बसला की लगेच बोटं ढिली करायची. तारेवरून उचलायची नाहीत, नुसती ढिली. उचलली तर तार गुणगुणत राहते. मिनिटाला १८० मात्रांच्या लयीत दोन स्ट्रोकमध्ये सेकंदाचा एक तृतीयांश मिळतो. त्यातला आवाज जेमतेम पाव भाग, उरलेली शांतता. ती शांतता गेली की स्का गेला, मग तो नुसता घाईत वाजवलेला रॉक.

आणि कोरस, म्हणजे गाण्याचं धृपद, आलं की याच गिटारने पायाखालच्या पेडलचा स्विच दाबून डिस्टॉर्शन (आवाज घरघरता करणारा इफेक्ट) चढवायचं आणि जाड तारांवर पॉवर कॉर्ड लावायचे. नवशिके बँड हमखास इथेच फसतात. कोरस संपतो, स्विच दाबायचा राहतो, आणि पुढचं कडवं डिस्टॉर्शनमध्येच सुरू होतं. मग मधली शांतता घरघरीने भरते आणि सगळ्याचा चिखल होतो. उड्या मारताना स्विच चुकणं साहजिक आहे. उपाय कंटाळवाणा आहे: कडव्याच्या आधीच्या मात्रेला पाय जमिनीवर असलाच पाहिजे, ही उडी वगळायची. ख्रिसला बघा, मोकळा नाचतोय असं वाटतं. पण गाण्याचा भाग बदलताना तो नेमका पेडलपाशी असतो.

आता फुंकणारे. ऑपरेशन आयव्ही या बर्कलीच्या बँडने १९८७ ते १९८९ या दोन वर्षांत या प्रकाराचा पाया घातला, आणि त्यांच्याकडे हॉर्न सेक्शन, म्हणजे फुंकणाऱ्यांचा ताफा, नव्हताच. म्हणजे ब्रासशिवाय स्का-पंक होतो. ब्रास ठेवायचं तर ते कशासाठी, याचं उत्तर द्यावं लागतं. बऱ्याच बँडचं उत्तर होतं 'मजा येते'. लेस दॅन जेकचं उत्तर मला जास्त पटतं.

पॉवर कॉर्ड म्हणजे सा आणि प. त्यात गंधार नाही. डिस्टॉर्शनमध्ये गंधार घातला तर आवाज गढूळ होतो, म्हणून तो गाळलेलाच असतो. आता त्या सा-प वर ट्रॉम्बोनने शुद्ध गंधार धरला की गाणं उजळतं, कोमल धरला की तेच गाणं उदास. म्हणजे भिंत गिटारची आणि रंग फुंकणाऱ्यांचा. त्याला तीन-चार माणसं लागत नाहीत, दोन पुरतात: एक गंधार धरतो, दुसरा वर किंवा खाली जोड देतो. 'हॅलो रॉकव्ह्यू'च्या काळात यांच्याकडे तिघं होते. २००१ नंतर उरले दोघं, ट्रॉम्बोनवर बडी शॉब आणि सॅक्सोफोनवर जेआर वॅसिलेवस्की. ट्रम्पेट नाही. ट्रॉम्बोन आणि टेनर सॅक्स दोन्ही मधल्या पट्टीतली वाद्यं, त्यामुळे वरची जागा गाणाऱ्या दोघांना मोकळी राहते. बाकीच्या बँडमध्ये ट्रम्पेट आणि गायक एकाच पट्टीत भांडत असतात आणि साउंडवाला दोघांना शिव्या घालत असतो.

शिवाय पोटापाण्याचा हिशोब. प्रत्येक जास्तीचा माणूस म्हणजे व्हॅनमध्ये एक जागा, रात्रीचा एक बिछाना, एक माइक, एक मॉनिटर (स्वतःचा आवाज ऐकायला स्टेजवर ठेवलेला स्पीकर) आणि मानधनात एक वाटेकरी. बॉस्टनच्या मायटी मायटी बॉस्टोन्सकडे तर बेन कार नावाचा एक सदस्य निव्वळ नाचण्यासाठी होता. बँड मोठा, थाट मोठा, शो जबरदस्त. तो बँड जानेवारी २०२२ मध्ये थांबला. बेनच्या नाचामुळे थांबला असं मी म्हणत नाहीये, पण नऊ माणसांचं जेवण रोज उभं करणं आणि पाच माणसांचं करणं यातला फरक कुठल्याही लग्नाच्या बँडमालकाला विचारा.

पट्टीचं दुखणं वेगळंच. गिटारवाल्याला ई आणि ए सोप्या. टेनर सॅक्स बी-फ्लॅटचं वाद्य, म्हणजे कागदावरचा सी वाजवला की ऐकू येतो बी-फ्लॅट, त्यामुळे बँड ई मेजरमध्ये असला की सॅक्सवाल्यापुढे एफ-शार्प मेजर येतो, म्हणजे सहा शार्प (अर्धा स्वर चढवलेले सूर). त्या वेगात बोटांची वाट लागते. सोपा उपाय म्हणजे गिटार अर्धा स्वर उतरवून लावणं. मग गिटारवाल्याची बोटं ई च्याच आकारात, आवाज ई-फ्लॅटचा, आणि सॅक्सवाला निवांत एफ मेजरमध्ये, एकच फ्लॅट (अर्धा स्वर उतरवलेला सूर). नवा बँड काढणाऱ्यांनी हे पहिल्याच तालमीला ठरवावं. दहा गाणी बसल्यावर ठरवायला गेलात तर भांडणं होतात.

त्यात उन्हाळा. वॉर्प्ड टूर हा अमेरिकेतला फिरता उन्हाळी मेळा होता. तिथे हा बँड वर्षानुवर्षं ठाण मांडून असायचा. स्टेज अनेकदा पार्किंगच्या तापलेल्या डांबरावर, सेट साधारण अर्ध्या तासाचा, आणि आपली वेळ त्या दिवशी सकाळी कळणार. वाद्यातली हवा एक अंशाने तापली की स्वर साधारण ३ सेंट चढतो. सा ते कोमल रे म्हणजे १०० सेंट. दहा अंशांचा फरक पडला तर कोमल रे च्या वाटेवर जवळजवळ एक तृतीयांश गेलात, आणि गिटार मात्र ट्यूनरवर जिथल्या तिथे. ट्रॉम्बोनवाला ट्यूनिंग स्लाइड, म्हणजे स्वर जुळवायची सरकती नळी, बाहेर ओढतो, सॅक्सवाला माउथपीस कॉर्कवर थोडा बाहेर घेतो. उलट थंडीत वाद्य गार असेल तर स्वर पडलेला असतो आणि पहिल्या पोझिशनला, म्हणजे सगळ्यात जवळच्या जागेला, ट्रॉम्बोनची हाताने सरकवायची मोठी स्लाइड आधीच पूर्ण आत असते, आणखी आत जायला जागाच नाही. म्हणून स्टेजवर जाण्याआधी पाच मिनिटं वाद्यात नुसती गरम हवा सोडणारा ट्रॉम्बोनवाला दिसला तर तो वेडा नाही.

माइकचाही प्रश्न असतो. वाद्याच्या तोंडापासून माइक १० सेंटीमीटरवर होता आणि वाजवणारा उडी मारून २० सेंटीमीटरवर गेला, तर आवाज साधारण ६ डेसिबलने पडतो. म्हणजे ऐन जोशात ब्रास गायब. वाद्यालाच अडकवायचा छोटा माइक लावला की अंतर पक्कं राहतं; पण तो मागचा ड्रमही ओढतो, मॉनिटरसमोर वाकलात की शिट्टी मारतो आणि प्रत्येक धक्का स्पीकरमध्ये पोचवतो. स्टँडवरचा साधा दणकट माइक घेतला तर शिस्त माणसाने पाळायची: वाजवताना पाय रोवून, उड्या मोकळ्या मात्रांत. आणि स्टेजच्या कडेपासून दोन पावलं मागे. गर्दीचा धक्का लागून माइक दातावर किंवा माउथपीस ओठावर आदळला की त्या रात्रीचं वाजवणं संपलं.

ओठ हे स्नायूच. सलग वाजवलं की थकतात आणि आधी वरचे स्वर फुटायला लागतात. या बँडच्या गाण्यांची बांधणी बघा: फुंकणाऱ्यांचा तुकडा सुरुवातीला, मग कडव्यात विश्रांती किंवा मागचे आवाज, मग पुन्हा तुकडा. दोन गाण्यांमध्ये ख्रिस आणि रॉजरची बडबड, कुणाला तरी स्टेजवर बोलावून त्याची फिरकी घेणं. काहींना ही बडबड जास्त वाटते. मला ती ओठांना मिळालेली मिनिटभराची सुट्टी वाटते, आणि ड्रमरच्या मनगटांनाही.

आणि हो, टॉयलेट पेपरची बंदूक! बाकी कुणाला काही आठवो न आठवो, ती आठवतेच. जुळणी सोपी: बागेतला पाला उडवायचा ब्लोअर, त्याच्या तोंडापुढे रंगाच्या रोलरची दांडी, दांडीवर पेपरचा रोल. रोल मोकळा फिरला पाहिजे आणि सुटं टोक वरच्या बाजूने गर्दीकडे. हवा रोलच्या वरून गेली की कागद उचलला जातो आणि रोल आपोआप उलगडतो. टोक खालून सोडलं तर रोल नीट उलगडत नाही. दमट कागद तुटतो. आणि हॉलमध्ये वर तापलेले दिवे असतील तर कोन खाली ठेवायचा, कारण गरम दिव्यावर पडलेला कागद हा विनोद नसतो. ही बंदूक कधी काढायची यालाही अक्कल लागते. सुरुवातीलाच काढली तर पुढचा तासभर लोक दुसऱ्या बंदुकीची वाट बघतात.

२००६ च्या 'इन विथ द आउट क्राउड'मध्ये मात्र हा हिशोब चुकला. बड्या कंपनीकडे होते, रेडिओसाठी आवाज गुळगुळीत केला, आणि ब्रास जवळजवळ बाहेर. चाहते चिडले. त्या गाण्यांच्या चाली इतक्या वाईट नाहीत, हे माझं अल्पमतातलं मत. पण ती गाणी सेटमध्ये घेतली की स्टेजवरच्या पाचांपैकी दोघांना काम काय? दोन वर्षांत कंपनी सोडली, स्वतःचं स्लीप इट ऑफ हे लेबल काढलं आणि 'जीएनव्ही एफएलए' आणला. गावाच्या नावाचंच संक्षिप्त रूप, आणि त्यात फुंकणारे पुन्हा आपल्या जागी. पुढे २०१३ चा 'सी द लाइट' तर रॉजरच्या स्वतःच्या स्टुडिओत झाला. २०१८ मध्ये विनी बाहेर पडला, म्हणजे ड्रमर आणि गीतकार एकाच दिवशी गेले. ड्रमवर मॅट यॉन्कर आला, शब्द उरलेल्यांनी लिहिले आणि २०२० च्या डिसेंबरात 'सिल्व्हर लायनिंग्ज' आला.

पुढच्या वेळी यांचा लाइव्ह व्हिडिओ लावाल तेव्हा गायकाला सोडा, ट्रॉम्बोनकडे बघा. सातव्या, म्हणजे सगळ्यात लांबच्या, पोझिशनला स्लाइड जवळपास दोन फूट पुढे जाते, आजूबाजूला तीन माणसं सैरावैरा पळतायत, आणि ती कुणालाच लागत नाही.