उपरोक्त विषयास अनुसरून

विद्यापीठाच्या संकेतस्थळावर सूचना चढवायचं काम ज्याच्या गळ्यात पडतं, त्याला रोज सकाळी पहिलं दर्शन 'उपरोक्त विषयास अनुसरून'चं होतं. माझ्याही पोथीचं हेच मंगलाचरण. मग संलग्नित महाविद्यालयांचे मा. प्राचार्य, मान्यताप्राप्त संस्थांचे मा. संचालक आणि सर्व विभागप्रमुख यांची पालखी निघते, मागून 'कळविण्यात येते की' येतं, आणि परीक्षा अर्जाची शेवटची तारीख दुसऱ्या पानावर, कलम ४ (ब)च्या कोपऱ्यात अंग चोरून बसलेली सापडते. पोरांना हवं असतं एवढंच: अर्ज कोणी भरायचा, कुठे, कधीपर्यंत आणि शुल्क किती. ही चार उत्तरं पहिल्या दोन ओळींत आणा म्हटलं, की भाषेचा दर्जा घसरतो म्हणे. परिपत्रक मुळात फायलीसाठी लिहिलेलं असतं; विद्यार्थी मध्येच वाचायला येतात, ही त्यांची आगाऊगिरी.

बरं, मजकूर टाइप होतो संगणकावरच. मग तो छापायचा, सही घ्यायची, जावक क्रमांक टाकायचा, गोल शिक्का उमटवायचा आणि किंचित तिरका ठेवून स्कॅन करायचा. झाला अक्षरांचा फोटो! त्यात शोध लागत नाही, मोबाइलवर मोठा केला की ओळ पडद्याबाहेर पळते, आणि अंध विद्यार्थ्याला पडदा वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर त्यापुढे मौन धरतो. सहीची प्रत खुशाल फायलीला लावा, आम्हाला टाइप केलेलंच द्या.

तेवढी दया येऊन कोणी वर्डची फाइल पाठवतो, ती कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये. पेस्ट केली की 'मराठी'च्या जागी रोमन ई, जे, के, बी, एच उभे! वर मराठीचा मुखवटा, आत इंग्रजी अक्षरं. युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही यंत्रावर मराठी मराठीच राहील अशा लेखनात, बदलून देणारी साधनं आहेत, पण नंतर पहिली वेलांटी आणि रफार डोळ्यांत तेल घालून तपासावे. या फॉन्टात वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते आणि रफार नंतर. युनिकोडमध्ये नेमकं उलट. 'विद्यार्थी' या एकाच शब्दात दोन्ही सापळे आहेत, आणि विद्यापीठात हा शब्द टाळून चालत नाही. 'दुसऱ्या'ची गंमत निराळी. एका लेखनात ऱ हे स्वतंत्र अक्षर असतं, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि 'य'च्या आधी एक न दिसणारा जोडक. डोळ्यांना जुळे भाऊ. शोधखिडकीला मात्र बरेचदा अनोळखी.

सजावटीचा सोस तर विचारू नका. महत्त्वाचं म्हणून ठळक, अति महत्त्वाचं म्हणून अधोरेखित (लोक त्याला लिंक समजून टिचक्या मारतात), आणि अगदीच गळ्याशी आलं की पिवळ्यावर लाल. वाचनीयतेच्या जागतिक निकषांत साध्या मजकुराला पार्श्वभूमीशी किमान ४.५ पट उठाव (कॉन्ट्रास्ट) लागतो. भडक पिवळ्यावर भडक लाल जेमतेम ३.७ भरतो. शेजारी 'नवीन' लुकलुकत असतं. पाच सेकंदांहून जास्त लुकलुकणारं काहीही वाचकाला थांबवता आलं पाहिजे, असा नियम आहे. आमचं 'नवीन' तीन परीक्षा पाहून जुनं झालं, तरी डोळे मिचकावतंय.

त्याखाली 'येथे क्लिक करा', अकरा वेळा. स्क्रीन रीडरवाला पानावरच्या लिंकांची यादी काढतो, तेव्हा त्याला अकरा वेळा तेवढंच ऐकू येतं. 'एम. ए. भाग १ परीक्षा अर्ज, पीडीएफ, २४० केबी' एवढं लिहायला काय जातं? तारीखही '०५/०६' अशी नको. ५ जून की ६ मे यावर वसतिगृहात पैजा लागतात.

आणि मग येतं शुद्धिपत्रक क्र. ३: 'शुद्धिपत्रक क्र. २ मधील तारखेऐवजी पुढील तारीख वाचावी, उर्वरित मजकूर कायम.' उर्वरित मजकूर शोधायला मूळ परिपत्रक गाठावं लागतं. जुन्याच पत्त्यावर दुरुस्त फाइल ठेवावी आणि वर 'सुधारित, १२ जून' असं लिहावं, नाहीतर गूगल इमानेइतबारे पहिलीच उघडून देतं. फाइलचं नाव 'परीक्षा अर्ज उन्हाळी' असावं, अशी लेखी विनंती आम्ही केली आहे. ती विनंती स्कॅन होऊन परत आली. नाव: 'स्कॅन ०००१ फायनल नवीन फायनल'.