‘उमेदवार बाईंची पाच पापं’ आणि छाननीला गप्प बसलेले आम्ही चौघे

मतदानाच्या आदल्या रात्री साडेदहाला गावच्या सगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज पडला. ‘जागे व्हा! सरपंचपदाच्या उमेदवार बाईंची पाच पापं.’ तिसरं अपत्य लपवलं, आचारसंहितेत रस्ता केला, बोगस मतदार घुसवले, नवऱ्यावर केस असताना अर्ज भरला, आणि खाली पैसे वाटल्याचा व्हिडिओ. सकाळी सातपर्यंत तो मला नऊ जणांनी पाठवला होता. निकाल लागून महिना झाला तरी फिरतोच आहे, फक्त आता ‘पुरावे देऊनही कारवाई नाही’ अशी शेपटी लागलीय.

आधीच सांगतो, मी त्या बाईंच्या विरोधी पॅनलचा. बूथवर आमच्या पॅनलचा एजंट होतो आणि माझं मतही त्यांना गेलेलं नाही.

व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलाय, म्हणून तोच आधी घेतो. ‘काल रात्री वरच्या आळीत पैसे वाटताना रंगेहाथ.’ सतरा सेकंद. अंधारी खोली, एक हात नोटा मोजून दुसऱ्या हातात ठेवतोय, चेहरा एकाचाही नाही. मी थांबवून थांबवून पाहिला. नोटा गुलाबी आहेत, दोन हजारांच्या. ही नोट चलनातून मागे घेत असल्याचं रिझर्व्ह बँकेने १९ मे २०२३ ला जाहीर केलं आणि साध्या बँकेत ती भरायची किंवा बदलायची मुदत ७ ऑक्टोबर २०२३ ला संपली. त्यानंतर ती द्यायची तर रिझर्व्ह बँकेचं कार्यालय गाठा, नाहीतर पोस्टाने पाठवा. मत विकत घेणारा अशी नोट वाटेल? वरच्या आळीतल्या म्हाताऱ्या ती त्याच्याच तोंडावर फेकतील. मागच्या भिंतीवर एक कॅलेंडर अर्धवट दिसतं, त्यावरची अक्षरंही देवनागरी नाहीत. व्हिडिओ कुठला, कधीचा, देव जाणे. वरच्या आळीतला नाही आणि ‘काल रात्री’चा तर नाहीच नाही.

मग तिसरं अपत्य. सोबत लग्नातला एक फोटो, तीन पोरांभोवती लाल गोल. पोरं तीन आहेत, हे खरंच आहे. मोठी मुलगी आणि तिच्या पाठीवर जुळे मुलगे. १२ सप्टेंबर २००१ नंतर दोनापेक्षा जास्त अपत्यं झाली तर माणूस ग्रामपंचायतीला अपात्र ठरतो, एवढं गावात शेंबड्या पोरालाही पाठ आहे. पण त्याच कलमाखाली स्पष्टीकरण आहे, की आधीचं एकच मूल असेल आणि पुढच्या एकाच बाळंतपणात कितीही मुलं झाली, तरी ती मिळून एकच धरायची. म्हणजे कायद्याच्या हिशोबाने बाईंची अपत्यं दोन. त्या जुळ्यांच्या बारशाला अख्खं गाव जेवलं होतं. मेसेज लिहिणाराही पंगतीत असणार.

आणि इथेच मला आमच्या पॅनलबद्दल बोलायचंय. छाननीच्या दिवशी तहसील कचेरीत मी हजर होतो, आमचे आणखी तिघे होते. निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांनी बाईंचा अर्ज पुढ्यात घेतला आणि विचारलं, “कुणाची हरकत?” पंखा फिरत होता, तेवढाच आवाज. आम्ही चौघे एकमेकांकडे बघत बसलो. हरकत घेतली असती तर दोन मिनिटांत फेटाळली गेली असती, आणि कुणी घेतली, का फेटाळली, हे कागदावर राहिलं असतं. मेसेजवर सही करावी लागत नाही. निवडून आल्यावरही अपात्रतेसाठी जिल्हाधिकाऱ्यांकडे जाता येतं. निकालावरच आक्षेप असेल तर पंधरा दिवसांत दिवाणी न्यायालयात अर्ज करता येतो. पंधरा दिवस कधीच उलटले. दोन्हीकडे कुणी फिरकलेलं नाही. ‘पुरावे देऊनही’ म्हणताय, तर ते दिले कुणाला?

रस्त्याचं थोडक्यात. आचारसंहिता नव्या कामांना लागते. वर्क ऑर्डर आधीची असेल आणि काम जागेवर प्रत्यक्ष सुरू झालेलं असेल, तर ते चालू राहतं. खडी पोळ्याच्या आधीपासून पडून होती, माझीच मोटरसायकल तिच्यावरून घसरली होती.

नवऱ्याची केस बांधाच्या भांडणाची आहे आणि अजून कोर्टात आहे. अपात्रता येते ती शिक्षा झाल्यावर, तीही ज्याला झाली त्याला. नवऱ्याच्या केसमुळे बायकोचा अर्ज बाद करणारं कलम मेसेजवाल्याने कुठून काढलं, ते त्यालाच ठाऊक.

बोगस मतदारांचा मुद्दा मात्र एवढ्यावर सोडता येणार नाही, कारण त्यात चिमूटभर खरं आहे. ‘एकाच घरात ३८ मतदार!’ घर म्हणजे भावकीचा जुना वाडा. आत आता पाच चुली आहेत, दोघांनी मळ्यात बंगले बांधलेत, पण यादीत सगळ्यांचा घर क्रमांक एकच राहिलाय. ही यादी बाईंनी केलेली नाही, ग्रामपंचायतीनेही नाही. विधानसभेची यादी भारत निवडणूक आयोग तयार करतो. राज्य निवडणूक आयोग तीच घेऊन प्रभागवार फोडतो, त्यात नवं नाव घालत नाही. प्रारूप यादी लागली तेव्हा हरकतींना मुदत होती. तेव्हा वाडा कुणाला दिसला नाही. मतदानाच्या दिवशी ती यादी माझ्या मांडीवर होती. ३८ पैकी ३१ जण आले. न आलेल्या सातांत चार सासरी गेलेल्या मुली, दोघे पुण्याला कामाला आणि एक वारलेले आजोबा, ज्यांचं नाव कुणी कमीच केलं नाही. यादी साफ नाही, हे मी कुठेही लिहून देईन. पण त्या आजोबांच्या नावावर मत पडलं नाही. परका माणूस आला असता तर तिथेच आक्षेप घ्यायचा मला अधिकार होता. आलेल्यांतला एकही परका नव्हता.

एवढं सांगितल्यावर पारावर एक जण म्हणाला, “पाचच्या पाच खोटे कसे असतील? कुठेतरी पाणी मुरतंयच.” उमेदवाराच्या चारित्र्याबद्दल खोटं आहे हे माहीत असून निवडणुकीत पसरवलं, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १७५ खाली तो गुन्हा आहे. शिक्षा फक्त दंडाची. त्यामुळे लिहिणारा निवांत झोपतो, हेही खरं.

आणि पाणी मुरतंय ते कुठे, तेही सांगतो. मतदानाआधी चार रात्री हायवेवरच्या ढाब्यावर मटणाची ताटं चालू होती. निकालानंतर तीस दिवसांत प्रत्येक उमेदवाराने खर्चाचा हिशोब द्यायचा असतो. बाईंच्या हिशोबात तो ढाबा नाही. आमच्या उमेदवाराच्याही नाही. पुढच्या हॉलमध्ये त्यांचं पॅनल बसायचं, मागच्या शेडमध्ये आमचं, आणि भाकरी कमी पडली की वेटर एकाच टोपलीतून दोन्हीकडे वाढायचा. याचा मेसेज मात्र कुणीच केला नाही.