पाण्यावरची खोली

लग्नाला पंचवीस वर्षं झाली की हल्ली सत्यनारायण नाही, मालदीव असतं. आमच्या लेकीनेही लॅपटॉप पुढे केला. निळंशार पाणी, त्यात खांबांवर उभ्या झोपड्या, खोलीतून थेट समुद्रात उतरणारी शिडी. "आई, आयुष्यात एकदाच गं." या 'एकदाच'ने आजवर भल्याभल्यांचे खिसे कापलेत. आम्ही मध्यममार्ग काढला. तीन रात्री माफुशी नावाच्या गावात आणि एक रात्र त्या पाण्यावरच्या खोलीत.

ती एक रात्र फुकट गेली, असं माझं स्पष्ट मत आहे. म्हणजे फुकट नव्हती, तेच तर दुखणं.

आधी पैशांचं बोलू. रिसॉर्टच्या दरापुढे दोन अधिकच्या खुणा असतात. त्यांचा अर्थ: 10 टक्के सेवा शुल्क आणि त्यावर 17 टक्के जीएसटी. शिवाय हरित कर, माणशी दर रात्री 12 डॉलर. गावातल्या लहान गेस्ट हाऊसला तोच 6. शिवाय बोट. एका बेटावर एकच रिसॉर्ट असल्यामुळे त्यांच्या बोटीखेरीज पोचायची सोय नाही, आणि ते सांगतील तो दर. सी-प्लेन असेल तर ते फक्त उजेडात उडतं. आपलं विमान संध्याकाळी उतरलं की एक रात्र राजधानी मालेत काढा, वेगळ्या खर्चाने.

पोचल्यावर कळलं की घड्याळही त्यांचं वेगळं. मालदीव आपल्यापेक्षा अर्धा तास मागे आहे, पण त्या बेटाने स्वतःची वेळ मालेच्या एक तास पुढे ठेवलेली. पाहुण्यांना संध्याकाळ जास्त मिळावी म्हणून. म्हणजे मालेत चार, डोंबिवलीत साडेचार आणि आमच्या पलंगाशी पाच! नवरा दोन दिवस फोनमधली वेळ खरी की भिंतीवरची, यातच अडकला होता.

खोलीच्या जमिनीत काच बसवलेली. मी पालथी पडून खाली बघितलं. वाळू, खांबांच्या सावल्या, मोडक्या काटक्यांसारखे पोवळ्यांचे पांढुरके तुकडे आणि त्यांच्यात घुटमळणारा एकुलता एक मासा. (अंगठीतलं मंगळाचं लाल पोवळं वेगळं हं, ते या खडकांतलं नाही.) खोल्या उथळ, शांत पाण्यात बांधतात, तिथे मुळातच वाळू जास्त. त्यात 1998, 2016 आणि 2024 मध्ये समुद्र तापला. पोवळं म्हणजे बारीक प्राण्यांची वसाहत. त्यांच्या अंगात राहणारं शेवाळ त्यांना रंगही देतं आणि जेवणही. पाणी फार तापलं की ते या शेवाळालाच बाहेर काढतात, पांढरे पडतात आणि उन्हाळा लांबला तर उपाशी मरतात. हे काही एकट्या रिसॉर्टचं पाप नाही. पण सकाळी चहा घेऊन बाहेर आले, तर किनाऱ्यावर पंपाने समुद्रातली वाळू ओढून टाकायचं काम चाललं होतं. रात्री लाटा नेतात, दिवसा पंप आणतो. फोटोत तो पंप येत नाही.

आता माफुशी. 2009-10 च्या आधी गावांच्या बेटांवर परदेशी पाहुण्याला मुक्काम करता येणं जवळपास अशक्यच होतं. 1972 साली पहिलं रिसॉर्ट निघालं तेव्हापासून पाहुणे एका बेटावर आणि गावकरी दुसऱ्या, अशीच मांडणी. मग गेस्ट हाऊसना परवानगी मिळाली. गावात दारू मिळत नाही, पोहण्याच्या कपड्यांसाठी वेगळा किनारा राखलेला, पाच वेळा बांग. ज्यांना हे अडचणीचं वाटतं त्यांनी जाऊ नये. मला तर बरं वाटलं. निदान कुठल्या देशात आलोय ते कळत होतं.

आमच्या गेस्ट हाऊसच्या मालकाची आई औषधपाण्याला त्रिवेंद्रमला जाऊन आलेली, हिंदी झकास. सकाळी ती अंगणात नारळ खवत बसायची. खोवलेला नारळ, धुरी दिलेला कुपा हाताने कुस्करून, बारीक कांदा, मिरची, वर लिंबू. याला मस हुनी म्हणतात. मस म्हणजे मासा, हे सांगायला नको. सोबत रोशी, म्हणजे आपली पातळ पोळीच. मी तिला म्हटलं, तुमचे आकडे म्हणून दाखवा ना मावशी. खवता खवता ती म्हणाली, "एके, दे, तिने, हतरे, फहे, हये, हते, अशे..." मी अवाक. हजार मैलांवरची बाई आणि आकडे घरचे! नवऱ्याने माळ घातलेली, त्याला मस हुनी चालेना. त्याच्यासाठी ती न विसरता डाळ करायची.

दुसऱ्या दिवशी मालकाच्या पोराने होडीतून खडकाच्या कडेशी नेलं. मी मास्क लावून तोंड पाण्यात घातलं आणि आधी ऐकू आलं ते कटकट, कटकट. कुणीतरी खडीसाखर चावतंय असं. पोपट मासे! हिरवे-निळे, चोचीसारख्या दातांनी मेलेलं पोवळं खरवडत होते. घशातल्या दातांनी ते दळतात आणि मागून पांढरी वाळू सोडतात. आमच्या डोळ्यांसमोर एकाने धुरळा उडवला. मालदीवच्या वक्करू बेटाभोवती शास्त्रज्ञांनी मोजलं, 2015 साली छापून आलं: तिथली नव्याने तयार होणारी 85 टक्क्यांहून जास्त वाळू या माशांचीच. म्हणजे ज्या मऊ वाळूवर लोक हातात हात घेऊन फोटो काढतात ती... असो. लेक तेव्हापासून वाळूत अनवाणी चालली नाही.

आता खाली कॉमेंटमध्ये येणारच, "लक्षद्वीपला का नाही गेलात?" जायचंय. तीही अशीच पोवळ्यांची बेटं, 36 पैकी वस्ती 10 वर, आणि मिनिकॉयला तर याच मावशीची भाषा बोलतात. पण सगळी मिळून 32 चौरस किलोमीटर जमीन. तिथे परवाना लागतो याचं मला अजिबात वाईट वाटत नाही. पाण्यावरच्या खोल्या तिथे नाही झाल्या तरी चालतील.

आणि जाणाऱ्यांसाठी: मास्क स्वतःचा न्या, भाड्याचे गळतात. उन्हासाठी क्रीम थापण्यापेक्षा पूर्ण बाह्यांचा पोहायचा सदरा घाला. होडीवाल्या पोराला पोपट मासे बघायचेत म्हणून सांगा, तो बरोबर नेतो.